कोणता फुटवा ठेवायचा

पहाटे साडेपाच

मोहोपाड्याची सकाळ कंपन्यांच्या पाळीवर उजाडते. साडेपाचला टपरीचा स्टोव्ह पेटतो, पाताळगंगा एमआयडीसीच्या बस येऊन उभ्या राहतात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं डोळे चोळत चढतात. मला बस नाही. मी ओट्यावर बसून कोयत्याला धार लावतो. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं तिरकं धरायचं आणि पुढे लोटायचं. मागे आणताना दाब द्यायचा नाही. धार आली का ते अंगठ्याच्या नखावर बघायचं. पातं नखावरून घसरलं तर अजून घासा, अडलं तर पुरे.

वीसेक वर्षं मी झाडं छाटायचा धंदा केला. कारखान्यांची आवारं, रसायनीच्या वसाहती, पनवेल-कामोठ्याच्या सोसायट्या. बोलावणं आलं की दोर, कमरेचा पट्टा, हेल्मेट, चेन सॉ, पेट्रोल-ऑइलचा कॅन असं सगळं टेम्पोत टाकायचं आणि निघायचं. आता वनखात्याच्या रोपवनावर रोजंदारीला जातो. पिशवीत भाकरी, कानस आणि पाण्याचा कॅन. कमरेला आकडी, आकडीत कोयता. दोर अजून सोबत असतो. त्याचं काम साडेदहाला.

“आज लवकर या,” बायको भाकरी परतता परतता सांगते. “काकांकडे पोपटी लावतायत.”

“जंगल पेटलं नाही तर येतो.”

फेब्रुवारीत हे उत्तर थट्टेचं नसतं.

सव्वासात

मोटरसायकलवर वाशिवलीच्या दिशेने. रस्ता वसाहतीजवळून जातो. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिचा कारखाना इथे उभा राहिला, त्यामागे वसाहत आली आणि वसाहतीबरोबर विलायती शिरीष, गुलमोहर, सोनमोहर आले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथले न परवडणारे विभाग बंद करायचं ठरवलं. रॉकेटला लागणारं रसायन बनवणारा एक विभाग तेवढा इस्रोकडे गेला. सावली मात्र अजून त्या काळातल्याच झाडांची आहे.

अशाच झाडांवर मी धंदा शिकलो. जाड फांदी उतरवायची तर तीन काप. पहिला खालून, थोडाच आत. दुसरा वरून, त्याच्या जरा पुढे. फांदी आपल्या वजनाने मोडते, पण साल खोडापर्यंत सोलत नेत नाही. मग उरलेल्या खुंटीला तिसरा काप, आणि तो खोडाला चिकटून घ्यायचा नाही. फांदी जिथून निघते तिथे सालीचं एक फुगीर कडं असतं. ते कडं ठेवायचं. जखम बुजवणारी साल त्या कड्यातूनच वाढत येते.

हे माहीत असणं वेगळं आणि करायला मिळणं वेगळं. छाटणीचा पैसा दोन वाटांनी येतो : मालक देतो तो आणि लाकूड विकून येतो तो. ठेकेदाराचा डोळा दुसऱ्या वाटेवर असतो, म्हणजे जितकं जास्त कापलं तितकं बरं. सोसायटीला गाड्यांवर पानं पडायला नको असतात. दोघांचं जमलं की झाडाचा शेंडाच उडतो. पुढच्या पावसात त्या कापाभोवती फुटव्यांचा दाट झुपका येतो. हे फुटवे वरवरच्या लाकडात धरलेले असतात. आतून खोड कुजत जातं, बाहेरून फुटवे जाड होत जातात आणि वारा सुटला की सगळं मुळासकट उपटल्यासारखं निखळतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं, पुढच्या वर्षी १७ मेच्या सुमारास ‘तौक्ते’. दोन्ही वेळा रस्त्यावरच्या फांद्या उचलताना मी मोडलेली टोकं बघत होतो. कित्येक ठिकाणी जुना, सपाट, काळा पडलेला काप दिसायचा.

शहरी भागासाठी १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, ग्रामीण भागात १९६४चा झाडतोड नियमनाचा. परवानगीचा कागद कोणतं झाड आणि किती झाडं ते सांगतो. काप कुठे घ्यायचा, हे त्या कागदावर नसतं. ते कापणाऱ्याच्या हातात, आणि त्याचा हात मजुरी देणाऱ्याच्या हातात. मी धंदा बदलला त्याचं कारण एवढंच.

आठ

माणिकगडाच्या अंगाला, डोंगर चढायला लागतो तिथे हजेरी. दहा-बारा माणसं : कातकरवाडीतली जोडपी, दोन ठाकर पोरं, मी. वनरक्षक मॅडम मराठवाड्यातल्या. परीक्षा देऊन, धावून भरती झालेल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम.

“काका, तुम्ही आणि ही दोन पोरं फुटव्यांवर. बाकीचे जाळरेषेवर. पंधरा तारखेच्या आत ती पूर्ण व्हायला पाहिजे.”

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधी रोपवनाभोवतीचा पट्टा साफ करून ठेवायचा असतो. गवत कापायचं, पट्ट्यातच वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना दोन्ही अंगांना माणसं उभी करून जाळून टाकायचं. मग बाहेरून आलेल्या आगीला त्या पट्ट्यात खायला काही उरत नाही.

मजुरीचंही इथेच सांगून टाकतो. रोजगार हमीचा राज्यातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता; वनकामाचा दर वेगळ्या कोष्टकाने ठरतो. कुठलंही कोष्टक घ्या, दोरावर चढणाऱ्याला पनवेलीत एका दिवसात सुटायचं तेवढं मिळवायला इथे तीन दिवस लागतात.

साडेआठ

खालून बघणाऱ्याला हा उतार उजाड वाटतो. करवंदीच्या जाळ्या, कुडा, मधूनमधून कमरेएवढा ऐन. लोक म्हणतात, इथे झाडं लावायला हवीत. २०१९च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. तेव्हा गावोगावी खड्डे झाले, फोटो झाले. दोन बाय दोन मीटरवर खड्डा धरला तर हेक्टरी २,५०० रोपं बसतात. पण इथे खड्डा घेण्याआधी कोयत्याने गवत बाजूला करून बघावं. दर चार पावलांवर एक खुंट सापडतो.

हे ऐन, साग, किंजळ मेलेले नाहीत. मुंबईला कोळसा जायचा त्या काळात हा डोंगर तुटला, नंतर सरपणासाठी तुटत राहिला. खाली मुळं शाबूत आहेत, कैक वर्षांची, खडकाच्या भेगांत उतरलेली. दर पावसाळ्यात खुंटाभोवती आठ-दहा फुटवे येतात. सगळे एकाच मुळावर जगायला बघतात, कुणीच पुढे जात नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात आग येते किंवा कुणी मोळी बांधून नेतं, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. झाड असूनही ते झुडूपच राहतं.

आमचं काम त्या आठ-दहांतला एक ठेवायचा आणि बाकीचे काढायचे. एवढंच. पण खुंटापुढे उकिडवं बसल्यावर ते सोपं राहत नाही.

आज सकाळचा पहिलाच ऐन घ्या. खुंट मांडीएवढा जाड, वरून पोकळ, पोकळीत मुंग्यांची माती. नऊ फुटवे. सगळ्यात उंच आणि देखणा फुटवा खुंटाच्या वरच्या काठावरून निघालेला. ठाकर पोराने लगेच त्याच्यावर बोट ठेवलं.

“हा ठेवू, दादा. सरळ आहे.”

“कुठून निघालाय बघ.”

वरच्या काठावरचा फुटवा कुजणाऱ्या लाकडावर उभा असतो. खुंटाची कुज हळूहळू त्याच्यात उतरते. माणसाच्या दुप्पट उंच झाला की वारा त्याला काठासकट मोडतो. सोसायटीतल्या शेंडा उडवलेल्या झाडाची जी गत, तीच याची. म्हणून जमिनीलगतचा शोधायचा, मातीला टेकलेला. त्याला पुढे स्वतःची मुळं फुटतात आणि जुन्या खुंटाचं ओझं त्याच्यावर राहत नाही. इथे तसे तीन होते. एकाची साल शेळीने खरवडलेली. दुसरा बुडाशी वाकडा. तिसरा अंगठ्यापेक्षा थोडा जाड, उंचीने मधला, साल सलग, शेंड्याची कळी शाबूत. तो ठेवला.

बाकीचे काढताना कोयता खालून वर चालवायचा. वरून खाली मारला तर साल फाटत खुंटात जाते. काप तिरका, म्हणजे पाणी साचत नाही, आणि जमिनीच्या जितका जवळ तितका चांगला. कापलेले फुटवे ठेवलेल्याच्या बुडाशी टाकायचे नाहीत; चार-पाच हात लांब, समतल रेषेत आडवे. तिथे ते माती अडवतात. बुडाशी राहिले तर वाळून आगीला सरण होतं.

खड्ड्यातल्या रोपाला पहिला उन्हाळा काढणंच जड जातं. या फुटव्याला जुन्या मुळांचं भांडवल आहे. दोन-तीन पावसाळ्यांत तो गवताच्या आणि शेळीच्या तोंडाच्या वर निघून जातो. खर्च काय, तर एका माणसाची काही मिनिटं आणि नीट धार.

सोसायटीत मी शिकलेली विद्या इथे वाया जात नाही, याचं मला पहिल्यांदा नवल वाटायचं. वाटायला नको होतं. झाडाची जखम भरून येत नाही, झाड ती आतल्या आत कोंडून टाकतं आणि तिच्याभोवती नवं लाकूड चढवतं. म्हणून फांदीचं कडं राखा, हे जगभरच्या छाटणीवाल्यांना अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी पटवून दिलं. ते तिथल्या वनखात्याच्या नोकरीतले संशोधक होते. चेन सॉने हजारो झाडं उभी चिरून त्यांनी कुज कुठून कुठे जाते ते बघितलं. बागेतल्या आणि रस्त्यावरच्या झाडाची शस्त्रक्रिया अशी जंगलातून आलेली आहे. मी तिला परत तिच्या घरी आणलंय, असं म्हणायला हरकत नाही.

साडेदहा

आता दोर. उतारावरच्या घळीत एक जुना ऐन उभा आहे, सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा. त्याच्यावर पंखवाली फळं तपकिरी होत आलीत. खाली पडलेली फळं गोळा करणं सोपं, पण त्यांतली बरीच किडलेली असतात. चढून काढलेलं बी खात्रीचं.

बी घ्यायचं झाड निवडावं लागतं : खोड सरळ, अंगावर रोग नाही, आजूबाजूला त्याच जातीची झाडं. आणि सगळं बी एकाच झाडाचं घ्यायचं नाही. एका आईची पोरं सगळ्या डोंगरावर लावली तर पुढे जी कीड एकाला लागेल ती सगळ्यांना लागेल. म्हणून थोडं इथून, थोडं पुढच्या घळीतून, थोडं पलीकडच्या धारेवरून.

चढणं तेच, पट्टा तोच, फक्त वर गेल्यावर करवत काढायची नसते. फांदीला हात न लावता फळांचे घोस तेवढे काढायचे आणि पोत्यात टाकून पोतं दोराने खाली सोडायचं. वरून एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका दिसतो, दुसरीकडे प्रबळ आणि इर्शाळ. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. झाडं असती तर दरड थांबली असती, असं छातीठोक सांगणारे तेव्हापासून भेटतात. झाडाची मुळं वरची माती धरतात, ओहोळाने वाहून जाणारा थर अडवतात. डोंगराचा खोल तुकडाच पावसाने सुटा झाला तर मुळांना तो पेलत नाही. झाडांकडून जे होतं ते करून घ्यावं, होत नाही ते त्यांच्या नावावर खपवू नये. त्या वाडीतली माणसं तिथे का राहत होती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

साडेबारा

तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कांदा. कातकरवाडीतल्या मावशींनी वालाच्या शेंगांची भाजी आणलीय. एक चमचा सगळ्यांच्या भाकरीवर पडतो.

फोन वाजतो. कामोठ्याची एक सोसायटी, जुनी ओळख.

“छाटणीवाले ना? तो गेटजवळचा गुलमोहर या वर्षी पार वरून उडवून टाका. पावसाळ्याचं टेन्शन नको.”

“वरून नाही उडवणार साहेब. सुकलेल्या आणि गाड्यांवर झुकलेल्या घेतो. महापालिकेची परवानगी काढून ठेवा, रविवारी येऊन बघतो.”

“मागच्या वेळच्या माणसाने दोन तासांत सगळं साफ केलं होतं हो.”

“म्हणूनच तुम्हाला परत फोन करावा लागला.”

रविवार मी त्या धंद्यासाठी ठेवलाय. लपवण्यासारखं काही नाही. पोराच्या कॉलेजची फी रविवारच्या पैशातून जाते. फरक इतकाच की आता अट मी घालतो, कारण सोमवारची हजेरी दुसरीकडे आहे.

पलीकडच्या मालकीच्या जमिनीतले एक म्हातारे काका पाणी प्यायला येऊन बसतात. त्यांच्या बांधावरचे ऐन बघून जुनी तोड ओळखू येते. माझा बापही असाच चढायचा, राबासाठी. आपल्या भागातल्या भातशेतीत रोप टाकायची जागा आधी भाजून घ्यायची रीत. थंडीत ऐनाचे टहाळ तोडून वाळवायचे, मग शेण, टहाळ, गवत, पाचोळा असे थर लावून वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. राखेचं खत मिळतं, तणाचं बी जळतं.

“शेंडा कधी घेतला नाय आमी,” काका सांगतात. “शेंडा घेतला का झाड रुसला. खालचं हात घ्यायचं, नि यंदा याचं घेतलं तं फुडल्या सालाला दुसऱ्याचं.”

इंग्रजांच्या वनखात्याने राबाची तोड आवळली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आमच्या जिल्ह्याचं जुनं नाव) इथे एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. जंगलात कोयता कुणी, किती आणि कसा चालवायचा, यावर या जिल्ह्यात माणसं मेलीत. आणि आज राब जवळपास संपत आलाय. युरियाची गोण सोपी पडते. राबाबरोबर ऐनावर चढणारी माणसंही संपली. काकांचा मुलगा कंपनीत आहे, नातवाला कोयता कसा धरायचा ते माहीत नाही.

दोन

ऊन चढलं की डोंगर सोडून खाली रोपवाटिकेत. पाणी पाताळगंगेचं. ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, कारण खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. ते वीजघर १९१५ सालापासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांत साठवलेला पाऊस वीज करून खाली येतो आणि आमच्या झारीत पडतो.

इथलं राज्य बायकांचं. चाळलेली माती, वाळू, शेणखत कालवून पिशव्या भरायच्या. पिशवी दोनदा जमिनीवर आपटायची म्हणजे आत पोकळी राहत नाही, आणि वर दोन बोटं जागा सोडायची, नाहीतर पाणी बाहेर वाहतं. सागाच्या टणक बिया रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं आठवडाभर चालतं. त्याशिवाय त्यांचं कवच सुटत नाही.

आज मी गेल्या वर्षीची शिल्लक रोपं बघतोय. वरून हिरवीगार. एक पिशवी फाडली तर तळाशी मुळांचं वेटोळं, बोटभर जाड.

“ताई, ही अशीच लावायची नाहीत. खालची दोन बोटं कापून मग खड्ड्यात.”

“मुळं कापायची? मरंल की.”

“नाही कापली तर पंधरा वर्षांनी मरेल.”

हे मला रोपवाटिकेने शिकवलं नाही. वादळात आडवे झालेले गुलमोहर तुकडे करून टेम्पोत भरताना कळलं. मोठमोठी झाडं, आणि बुडाशी मुळं अजून पिशवीच्या मापात गोल फिरलेली. पिशवी कधीच गेली होती, मुळांचं वळण गेलं नव्हतं. झाड पडतं त्या दिवशी सगळे वाऱ्याला दोष देतात. त्याच्या पडण्याची सुरुवात लावतानाच झालेली असते. छाटणीवाल्याला झाडाचा शेवट बघायला मिळतो, रोपवाटिकेतल्या बाईला सुरुवात. दोघांची गाठ सहसा पडत नाही.

चार

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश वनरक्षकांच्या मोबाइलवर पाठवते. उपग्रह आपल्या वेळेने डोक्यावरून जातो. आज त्याच्याआधी शेळ्या राखणाऱ्या पोराची आरोळी आली. पूर्वेच्या धारेखाली पांढरा धूर. कुणीतरी बांधाचं गवत पेटवलं असणार.

मॅडम पुढे, ब्लोअर घेतलेला ठाकर पोरगा मागे, आम्ही बाकीचे कोयते घेऊन. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून तिच्या डोक्यावर जायचं नाही, कुशीतून शिरायचं. वाटेत जांभळीच्या डहाळ्या तोडून घेतल्या. या दिवसांत साग-पळस ओकेबोके झालेले असतात. ओली, भरगच्च पानं जांभळीला असतात. डहाळी आपटायची नसते. आपटली की ठिणग्या उडून मागे दुसरी आग लागते. ती ज्वाळेवर दाबायची आणि जळलेल्या बाजूकडे ओढायची. दाब, ओढ, पुढे. ब्लोअरवाला आमच्या पुढून पाचोळा उडवत मातीची उघडी वाट करत जातो.

आग जाळरेषेच्या कापलेल्या भागापाशी आली आणि बसली. जिथे पट्टा अजून व्हायचा होता तिथून मात्र रोपवनात घुसली. फार नाही, पण घुसली. ती विझवताना मी मागच्या पंधरवड्यात नीट केलेल्या खुंटांमधून जात होतो. जिथे कापलेले फुटवे लांब टाकले होते तिथे गवत जळून आग निघून गेली होती. ठेवलेल्या फुटव्याची खालची साल काळवंडलेली, शेंडा ठीक. एका ठिकाणी कुणी घाईत सगळं बुडाशीच टाकलं होतं. तिथे ठेवलेला फुटवाही उरला नव्हता, खुंट आतून धुमसत होता. त्याच्यावर माती ओढली, हात लावून गार झाल्याची खात्री केली. धुमसता खुंट रात्रीच्या वाऱ्याला पुन्हा पेटतो.

ठाकर पोरं त्या जागेपाशी थांबून बघत राहिली. सकाळी मी “बुडाशी टाकू नका” म्हणालो होतो तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती.

मॅडमनी किती क्षेत्र जळलं त्याची नोंद घेतली, जीपीएसचे आकडे टिपले. मग मला म्हणाल्या, “काका, उद्यापासून अजून दोन पोरं देते फुटव्यांवर. शिकवाल का?”

“शिकवतो.”

साडेसात

पोपटी चुकली नाही, उशीर झाला इतकंच. भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. अंगाला धुराचा वास, त्यामुळे कुणाला वाटावं पोपटी मीच लावली.

पोपटीवाल्या काकांचा जावई कंपनीत ठेकेदाराकडे आहे. तो विचारतो, “परवडतं का हो तुम्हाला हे?”

खरं उत्तर असं की पूर्ण वर्षाचं परवडत नाही. थंडीत फुटवे आणि जाळरेषा, उन्हाळ्यात खड्डे, पावसाळ्यात लागवड, नंतर निंदणी. मग काम पातळ होतं. रोपवनाच्या देखभालीची वर्षं ठरलेली असतात, ती संपली की मजूर दुसरीकडे. झाडाला माणूस लागतो तो त्यानंतरही : दहा-बारा वर्षांनी दाटी झाली की विरळणी, वाकडी-रोगट काढणं, उरलेल्यांना जागा करून देणं. तेव्हा कोयता कोणाच्या हातात असेल याची तजवीज आज कुणी करत नाही.

“पोराला नका यात आणू,” घरी येताना बायको म्हणते. “त्याला कंपनीत चिकटू दे.”

मी वाद घालत नाही. आजच्या दराने ती बरोबर आहे.

रात्री साडेनऊ

वहीत उद्याचं लिहून ठेवतो. झाड लावायला पाहुणे येतात, फीत कापतात, पहिलं घमेलं माती टाकतात. फुटवा निवडायला कुणी येत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं; आठ काढले, एक ठेवला, लांबून तर तोड केल्यासारखंच दिसतं. पण खालापूर-कर्जतच्या या उतारांवर लावण्यापेक्षा राखण्याची गरज जास्त आहे, आणि राखणं हे नीट कापण्याचं काम आहे. ते येणारी माणसं कारखान्यांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या गेटवर दोरावर लोंबकळतायत, किंवा राबाची तोड विसरत घरी बसलीत. त्यांना इकडे आणायचं तर नुसतं निसर्गप्रेम पुरणार नाही.

नव्या पोरांना पहिले काही दिवस कोयता देणार नाही. खुंटापुढे बसवणार आणि विचारणार : यातला कोणता ठेवशील, आणि का? कारण नीट सांगता यायला लागलं की मग कापायला मोकळे. आणि त्या दिवसापासून त्यांचा दर खड्डा खणणाऱ्याच्या वर असायला हवा, हे मॅडमना हजेरीच्या वेळीच सांगायचंय, पोरांच्या देखत.